हिवाळी कार्डावरचा दुसरा माणूस

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बा—स!"

मी ब्रेक दाबला तो असा, की मागच्या कपाटातली सगळी भांडी एकदम बोलायला लागली.

तुम्हीच सांगा, उत्तर इंग्लंडमधला नॉर्थम्बरलँडचा समुद्रकिनारा, नाताळ दोन दिवसांवर आलेला, दुपारी चारलाच दिवेलागणीची वेळ, तिरका पाऊस, अख्ख्या कॅम्पसाइटवर चिटपाखरू नाही... आणि मागून कुणीतरी सांगलीच्या स्टँडवर असल्यासारखं खणखणीत मराठीत गाडी मागे घ्यायला सांगतंय! दचकणार नाही तर काय?

शेजारच्या सीटवरून बाबा खिडकीबाहेर अर्धे लोंबकळत होते. "आशू, झाड आहे बरं का, झाड!" असं ते मघापासून ओरडत होते, ते त्या माणसानं ऐकलं असणार. आता ते आत वळले, चष्म्यावर पावसाचे थेंब, चेहऱ्यावर दिवाळी. "आपला माणूस आहे गं!"

आपला माणूस माझ्या खिडकीपाशी आला. पिवळा रेनकोट, भुवयांवरून निथळणारं पाणी, आणि हसू असं, की जणू आमचीच वाट बघत होता.

"हाय! मी मिहीर. मी इथला वॉर्डन. आता पुढे घे, लेफ्टला. मागे ग्राउंड सॉफ्ट आहे."

"थँक्स," मी म्हटलं, "पण गाडीला कॅमेरा आहे." आणि डॅशबोर्डवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. मागचं सगळं स्वच्छ दिसत होतं. झाड, कुंपण, हिरवंगार गवत.

"कॅमेऱ्याला गवत दिसतो. गवताच्या खाली काय आहे, ते नाही दिसत."

"दिसतं मला," मी म्हटलं आणि अजून हातभर मागे घेतली.

चाक रुतलं.

आता इथे थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. मी आश्लेषा. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. आणि ही सात मीटर लांबीची, आत पलंग, शेगडी नि न्हाणीघर असलेली भाड्याची मोटरहोम मी एकटी चालवत होते, याचा मला अभिमान होता. होता कसला, आहे! मागच्या वर्षी मँचेस्टरचं एक स्थळ आलं होतं, नील नावाचं. मुलगा छान, नोकरी छान. पण कार पार्कमध्ये मी गाडी मागे घेत होते, तर म्हणाला, "बाजूला हो, मी लावतो." मी किल्ली दिली. होकार मात्र दिला नाही.

म्हणून आता मी वाटच बघत होते, हा कधी म्हणतोय, "उतर, मी काढतो."

तो म्हणालाच नाही. पळत गेला, दोन जाड रबरी पट्ट्या घेऊन आला आणि माझ्या हातात दिल्या. "हे चाकाच्या पुढे टाक. मग स्लो... एकदम स्लो."

आणि मागे सरकून उभा राहिला. हात खिशात. ना सल्ला, ना उसासा.

मी उतरले, चिखलात गुडघे टेकून पट्ट्या सरकवल्या, वर चढले, क्लच अगदी अलगद सोडला... आणि माझी बाई डौलात बाहेर आली. बाबांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. मिहीरनं दोन्ही अंगठे वर केले. पावसात त्याचे दात फार पांढरे दिसत होते—हे आपलं सहज लक्षात आलं, इतकंच.

रिसेप्शन म्हणजे एक लाकडी खोली. बाहेर खडूनं लिहायचा काळा फळा, आत किटली, हीटर आणि भिंतीवर भला मोठा नकाशा. बाबा आत शिरले ते थेट काउंटरपाशी, आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी आमचं कार्ड काढलं. काढलं म्हणजे कसं, जुने मास्तर खडू काढायचे तसं, सगळ्यांचं लक्ष आहे ना बघून.

हे हिवाळी कार्ड म्हणजे आमच्या सहलीचा कणा. उन्हाळ्यात तुडुंब भरणाऱ्या युरोपभरच्या कॅम्पसाइट हिवाळ्यात ओस पडतात. मग त्यातल्या ज्या उघड्या असतात, त्या या कार्डावर निम्म्या दरात जागा देतात. एक गाडी आणि दोन प्रौढ माणसं, असा तो दर. एकटा गेलात तरी दर दोघांचाच. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी सांगलीहून फोनवर विचारलं होतं, "म्हणजे तू एकटी गेलीस तर दुसऱ्याची जागा फुकट जाणार?" आणि तिकीट काढलं. आई आली नाही. "त्या थंडीत मी येऊ कशाला? तुम्ही दोघं जा. मी इथे सुखात आहे," असं तिनं स्वच्छ सांगितलं.

मिहीरनं कार्ड हातात घेतलं. उलटलं. पुन्हा सुलटं केलं. मग माझ्याकडे बघितलं.

"याच्यावर सही नाहीये."

"मागे जागा आहे ना," मी म्हटलं, "करते की आत्ता." आणि कार्ड हातात घेतलं, तेव्हा कळलं. कार्ड जाड झालं होतं. गुळगुळीत. कोपरे छान गोल कापलेले...

"बाबा, तुम्ही लॅमिनेट केलंत?"

"मग!" बाबा म्हणाले. "पुठ्ठ्याचं कार्ड ते, या पावसात टिकतंय होय? तुला सरप्राइज."

वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून बाबांनी घरात काही म्हणून उघडं ठेवलेलं नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, माझी दहावीची मार्कशीट, मावशीच्या नातवाची पत्रिका... सगळं प्लास्टिकमध्ये कायमचं अमर. नॉटिंगहॅमच्या सुपरमार्केटमध्ये त्यांना ब्रेड आणायला पाठवलं, तर हे ब्रेडसोबत लॅमिनेशनचं मशीन घेऊन आले. तिथे भाज्यांशेजारी मशीनं विकतात याचंच त्यांना कोण कौतुक. अति तिथं माती म्हणतात ती ही.

कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलं होतं: धारकाची सही नसल्यास कार्ड ग्राह्य नाही. आणि सहीची कोरी पट्टी प्लास्टिकच्या आत सुरक्षित होती. अगदी कोरी.

मिहीरनं मान खाजवली. "काका, इट्स ओके. मी तुम्हाला डिस्काउंट देतो. इथे कोण बघतंय?"

बाबा ताठ झाले. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट, पण त्या क्षणी ते नकाशाच्या वरच्या टोकापर्यंत पोचले.

"कोणी बघत नाही म्हणून घ्यायची ती सवलत नव्हे, मिहीर. कार्ड चालत असेल तर तो माझा हक्क. चालत नसेल तर ते तुझे उपकार. हक्क मी सोडत नाही, आणि उपकार मी घेत नाही. लाव पूर्ण दर."

आणि त्यांनी पूर्ण दर भरला. पावती मागून घेतली. घडी करून खिशात ठेवली. मला हसू येत होतं आणि ऊरही भरून येत होता, दोन्ही एकदम.

मिहीर आम्हाला नळ दाखवायला बाहेर आला. बाबा पुढे चालत होते, हातातली बॅटरी तलवारीसारखी धरून.

"तुझे बाबा," तो हळूच म्हणाला, "थोडे स्केरी आहेत."

"मोडेन पण वाकणार नाही, असं घराणं आहे आमचं."

"आणि तू?"

"मी मोडतही नाही."

"हो," तो म्हणाला, "मी बघितलं. चिखलात."

मी एकदम बाबांच्या मागे भराभर चालायला लागले. मी! नॉटिंगहॅमच्या वॉर्डात सहा फुटी पेशंटांना धाक घालून चालवणारी!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खणाणला तो वादळाचा इशारा घेऊन. उत्तरेकडे वाऱ्याचा जोर. उंच गाड्यांना पूल बंद. पूल ओलांडल्याशिवाय स्कॉटलंड नाही, आणि स्कॉटलंडशिवाय ते वरचं टोक नाही.

ते टोक म्हणजे बाबांचं स्वप्न. तरुणपणी ते कन्याकुमारीला जाऊन आले होते, आणि "आपल्या देशाचं खालचं टोक मी पाहिलं, आता मुलगी राहते त्या देशाचं वरचं टोक पाहायचं," असं त्यांनी अख्ख्या सांगलीला सांगून ठेवलं होतं. मंडळाच्या निवृत्तांच्या ग्रुपवर रोज गाडीचा फोटो जात होता. खाली एकच ओळ: "आमची आशू चालवते." जानेवारी उजाडला की त्यांचं परतीचं विमान. इथे दोन दिवस अडकलो तर टोक गाठून परत येणं जेमतेम जमणार होतं. आणि तेही मी सलग चालवलं तर.

मी नकाशासमोर उभी राहून बोटानं अंतर मोजत होते, तेव्हा मिहीर शेजारी येऊन उभा राहिला. बाहेर वारा खोलीला धक्के देत होता, आणि बाबा खिडकीशी उभे राहून तो बघत होते.

"मी येऊ?" तो म्हणाला. "आय मीन... तो रोड मी खूप वेळा केला आहे. विंटरमध्येपण. आपण टर्न्स घेतले तर—"

"नको."

फार पटकन आलं ते तोंडातून. आणि टोकदार. मी बाबांना शब्द दिला होता, मी नेईन म्हणून. कुणीतरी नेलं, मी शेजारी बसले, असं नव्हतं ते.

तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. आता हा समजावणार, मी मनाशी म्हटलं. आता बर्फ, निसरडे रस्ते, एकटी मुलगी...

"ओके," तो म्हणाला.

"ओके?"

"तू नको म्हणालीस. सो, ओके." आणि किटलीकडे वळला. "चहा?"

सांगू का, मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटलं, एकदा तरी परत विचारायचंस की रे... माझं मलाच कळेना, मी नेमकी कुणावर चिडले होते.

त्या दुपारी रिसेप्शनमध्ये एक शस्त्रक्रिया झाली.

मिहीरनं कार्डाच्या कार्यालयाला ईमेल करून विचारलं होतं. उत्तर आलं: सही मूळ कार्डावरच हवी, प्लास्टिकवर चालणार नाही; बाकी कार्ड कसं का असेना. तर त्यानं एक बारीक पात्याची सुरी आणली, टेबलावर दिवा ओढला आणि म्हणाला, "काका, परमिशन? आपण सहीच्या वर फक्त एक छोटा खिडकी कापू."

"खिडकी," बाबा विचारात पडले. स्वतःच्या कलाकृतीला छेद देणं त्यांना जड जात होतं. शेवटी म्हणाले, "काप. पण कड सरळ ठेव."

बाबांनी आपली भडंगाची पिशवी फोडली. सांगलीचं भडंग, लसूण आणि तिखट सढळ हातानं. मिहीरनं मूठभर तोंडात टाकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वॉटफर्डमध्ये," तो नाक ओढत म्हणाला, "आजी असंच करायची. पण हे... हे बॉम्ब आहे."

मग कळलं, तो वॉटफर्डचा. आईवडील दोघंही डॉक्टर. आजोबा दर रविवारी घरासमोर उभे राहून त्याच्या वडिलांना गाडी मागे घ्यायला लावायचे, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं 'येऊ दे' करत. तेवढं मराठी त्याचं एकदम पक्कं. मँचेस्टरमधली आयटीची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तो इथे आला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"आई सगळ्यांना सांगते, मुलगा हॉस्पिटॅलिटीमध्ये आहे." तो हसला. मग पातं टेकवताना म्हणाला, "मला इथे आवडतो. लोक येतात, थकलेले असतात. मी त्यांना जागा देतो. दॅट्स अ गुड जॉब, नाही?"

"उत्तम जॉब," बाबा म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांना वीज दिली."

मी त्याच्या हातांकडे बघत होते. धंदाच माझा तो. हात, मनगटं, बोटांची पेरं. अंगठा स्थिर, मनगट सैल, श्वास रोखलेला. पातं प्लास्टिकमधून केसभर आत जात होतं, खालच्या पुठ्ठ्याला ओरखडाही नाही. मी जवळ वाकले. फार जवळ, बहुधा.

"श्वास घेऊ नकोस," तो पुटपुटला.

"मी घेत नाहीये."

"तू नाही... मी स्वतःला सांगतोय."

माझे कान तापले. बाबा खिडकीबाहेरच्या वादळाचं फार मन लावून निरीक्षण करत होते.

प्लास्टिकचा इवलासा तुकडा निघाला. मिहीरनं बोटानं कार्ड दाबून धरलं आणि पेन माझ्या हातात दिलं. त्या खिडकीत माझी सही जेमतेम मावली. शेवटचा काना त्याच्या नखाला घासून गेला.

"हे मराठीत आहे?"

"माझी सही मराठीतच असते. पासपोर्टवर, हॉस्पिटलात, सगळीकडे."

तो वाकून बघत राहिला. "मला फक्त 'आ' येतो," तो म्हणाला. "बाकीचा डिफिकल्ट आहे."

"आहेच मी डिफिकल्ट."

"हो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

मग त्यानं नोंदीसाठी कार्डाची प्रत काढली, कार्ड रीतसर मशीनवर टेकवलं, पडद्यावर हिरवी खूण आली, आणि बाबांनी त्या रात्रीपासूनचा निम्मा दर मान ताठ ठेवून स्वीकारला. आदल्या रात्रीचे जादा पैसे मिहीर परत देऊ लागला तर म्हणाले, "काल कार्ड चालत नव्हतं. आज चालतं. कालचं काल."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वारा पडला. फटफटायच्या आत आम्ही निघालो. मिहीर फाटक उघडायला आला, डोळ्यांवर झोप, डोक्यावर लोकरी टोपी उलटी.

"ब्रिजवर वारा आला तर फाइट करू नकोस," तो म्हणाला. "हळू हो. तो जातो आपला आपला."

"बरं."

"आणि..." त्यानं फाटकाच्या कडीशी उगाच चाळा केला. "कार्ड थर्टी-फर्स्टपर्यंत व्हॅलिड आहे."

"माहितीये. वर्ष संपलं की कार्ड संपतं."

"सो, तू थर्टी-फर्स्टला इथे आलीस तर डिस्काउंट मिळेल. फर्स्टला नाही मिळणार."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू मला सवलतीचं आमिष दाखवतोयस?"

"मराठी लोकांवर चालतो ते," तो म्हणाला. "माझ्या आजोबांवर नेहमी चालायचा."

मी गाडी बाहेर काढली. वळणापर्यंत आरशात ती उलटी टोपी दिसत होती. शेजारी बाबा गुणगुणत होते, आणि बाबा गुणगुणले की समजावं, त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. पुलावर वारा आला. मी भांडले नाही, हळू झाले, तो गेला. पुढे डोंगर पांढरे, रस्त्याच्या कडेला काचेसारखं गोठलेलं पाणी, एका बाजूला मेंढ्या आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली समुद्र. समोरून ट्रक आला की बाबा पायानं नसलेला ब्रेक दाबायचे, पण तोंडातून चकार शब्द नाही. मुक्कामाला रोज एक ओसाड कॅम्पसाइट, रोज ते खिडकी कापलेलं कार्ड. एका आजीबाईंनी ते कौतुकानं निरखून विचारलं, "हे कुणी केलं?" बाबांनी मोडक्या इंग्रजीत छाती काढून सांगितलं, "प्लास्टिक, मी. खिडकी, मिहीर. सही, माझी मुलगी."

आणि मग एका लख्ख, बोचऱ्या दुपारी रस्ता संपला. पुढे फक्त पाणी. आम्ही पोचलो होतो.

बाबा उतरले. कानटोपी घट्ट केली. टोकाच्या खुणेपाशी जाऊन पुढच्या समुद्राला त्यांनी चक्क नमस्कार केला. मग आईला फोन लावला आणि वाऱ्यावरताण आवाजात ओरडले, "वीणा! आणली बरं का हिनं! एकटीनं!"

मला रडू आलं. वाऱ्यानं आलं असं म्हणता येतं तिथे, म्हणून मी ते येऊ दिलं.

फोन ठेवून ते माझ्या शेजारी कठड्याला टेकले. "तुला गाडी शिकवताना मी किती ओरडायचो, आठवतं?"

"अजून कानात आहे."

"या सबंध वाटेत एकदा तरी ओरडलो?"

"नाही."

"गरजच पडली नाही." ते समुद्राकडे बघत राहिले. "तुला कुणाची गरज नाही, आशू. मला माहितीये. सगळ्या सांगलीला माहितीये. पण गरज नाही म्हणून कुणी नकोच, असं थोडंच आहे? आता मला तरी तुझ्या आईची कुठे गरज आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे... चहा सोडून. आणि जेवण. गोळ्यांची आठवण. चष्मा कुठे ठेवला ते—"

"बाबा!"

"त्या मुलानं तुला विचारलं, येऊ का. तू नको म्हणालीस. त्यानं परत विचारलं नाही. मला आवडलं ते."

"तुम्ही ऐकत होता?"

"मी वादळ बघत होतो," बाबा म्हणाले. "कानांना काम नव्हतं."

परत विचारणार नाही तो. नील असता तर दहादा विचारलं असतं आणि अकराव्यांदा किल्ली घेतली असती. याला मी एकदा नको म्हटलं, आणि याला ते खरं वाटलं. म्हणजे आता... म्हणजे आता बोलायची पाळी माझी होती. आणि बर्फातून सात मीटरची गाडी हाकणाऱ्या मला त्याची चांगलीच भीती वाटत होती.

एकतीस डिसेंबर. पुन्हा तोच किनारा, पुन्हा चारचा अंधार, आणि पाऊसही तोच, जणू आमची जागा राखून बसलेला.

फाटकातून आत आले आणि रिसेप्शनसमोरच्या फळ्यावर दिवे पडले. "आजचे पाहुणे" म्हणून खाली एकच नाव होतं. खडूनं. मराठीत. 'आश्लेषा'. अक्षरं वाकडीतिकडी, काना कुठल्या कुठे, अर्धं पावसानं वाहून गेलेलं... कार्डाच्या प्रतीवरून गिरवलं असणार. मी येणार हे त्याला कळवलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "जरा गप्प बसा हं आता."

"मी कुठे बोललो?"

पिवळा रेनकोट पळत बाहेर आला. माझ्या खिडकीपाशी थांबला. धाप लागलेली, पण बोलला मात्र जपून. "हाय. जागा सेम आहे. यू नो द वे."

म्हणाला आणि बाजूला झाला. खिशात हात. आपण होऊन मागे गेला नाही. गाडीला कॅमेरा होता ना.

मी हात पुढे केला आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग काच खाली घेतली.

"मिहीर, मागचं दिसत नाहीये. उभा राहतोस?"

त्यानं आत डोकावून पाहिलं. "कॅमेरा? ब्रोकन?"

"नाही."

"मग?"

"मी बंद केलाय."

तो बघत राहिला. पाऊस त्याच्या नाकावरून ओघळत होता आणि त्याला पुसायचंही सुचत नव्हतं.

"मला येतं मागे घ्यायला," मी म्हटलं. आवाज थोडा हलला, हलू दे. "हे लक्षात ठेव. कॅमेऱ्यानं येतं, त्याच्याशिवायही येतं. टोकाला जाऊन आलेय मी. पण मला तू मागे उभा हवा आहेस. गरज म्हणून नाही. मला आवडतोस म्हणून."

"ओके," तो म्हणाला. मग अगदी हळू, "ओके, ओके, ओके..." आणि मागे धावला.

"येऊ दे!" अंधारातून आवाज आला, आणि सबंध किनाऱ्याला ऐकू गेला असणार. "येऊ दे... येऊ दे... राइट, राइट... येऊ दे... बास!"

गाडी सुतासारखी सरळ लागली. चारही चाकं कडक जमिनीवर. मी उतरले तेव्हा तो रिसेप्शनच्या छपराखाली उभा होता, आणि रेनकोटच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढत होता.

"हे... मी आधीच मागवला होता. तू नसती आलीस तर पोस्ट केला असता." त्यानं पाकीट पुढे केलं. नव्या वर्षाचं हिवाळी कार्ड. पुठ्ठ्याचं, करकरीत. "फेब्रुवारीत साइट बंद असते. मी माझी व्हॅन घेऊन फ्रान्सला जातो, मग पोर्तुगालपर्यंत. जुनी आहे व्हॅन. कॅमेरा नाही तिला."

"म्हणजे मागे कुणाला तरी उभं राहावं लागणार."

"हो. मी राहतो. ड्राइव्ह तू करायचा. मला दे कधी कधी, तुला वाटला तर."

मी कार्ड दिव्याखाली धरलं. धारकाच्या जागी माझं नाव छापलं होतं.

"माझ्या नावावर का?"

"कार्ड एकाच्या नावावर असतो ना. आणि असतो दोघांसाठी." त्यानं माझ्या छापील नावावर बोट ठेवलं. "तू होल्डर. आणि मी... तो दुसरा अडल्ट. चालेल?"

"आणि नको म्हटलं तर?"

"तर कार्ड तुझाच आहे," तो लगेच म्हणाला. "कोणालापण ने. काकांना ने. मी फाटक उघडून देईन."

हा शहाणा मुलगा खरंच तसं करेल, याची मला पुरेपूर खात्री होती. म्हणूनच मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"वळ."

"काय?"

"पाठ कर इकडे. टेबल नाहीये इथे."

तो वळला. मी बाहीनं त्याची ओली पाठ पुसली, त्यावर कार्ड उलटं ठेवलं आणि सहीची कोरी पट्टी शोधली. रेनकोटच्या खाली त्याचं काळीज इतकं धडधडत होतं, की पेन उडत होतं.

"श्वास घेऊ नकोस," मी म्हटलं.

त्यानं घेतला नाही. मी सावकाश सही केली, शेवटच्या कान्यापर्यंत, मराठीत. मग कार्ड खिशात टाकलं आणि त्या ओल्या पिवळ्या पाठीवर तसंच गाल टेकून उभी राहिले.

मोटरहोमची खिडकी सरकली. "सही झाली का?" बाबांचा आवाज आला. "नीट वाळू दे हं! मग आण इकडे. मशीन गरम करून ठेवलंय!"

मिहीर हसला तेव्हा त्याची पाठ माझ्या गालाखाली हलली. आणि खिडकीच्या आत बाबांनी तोवर फोन लावलाही होता. सांगलीत तेव्हा सगळे झोपायला निघाले असणार, पण बाबांचा आवाज साऱ्या गल्लीला जागं ठेवील असा होता.

"वीणा, ऐक. फेब्रुवारीत फ्रान्सला चाललेत दोघं... हो, तोच, खिडकीवाला... अगं नाही, नाही! तो मागे उभा राहतो. गाडी आपली आशूच चालवणार!"